जोर लावून राम बसत नाही

मित्रांनो, मी एक जुना मदरबोर्ड आहे. संगणकाचा काळा डबा तुम्ही टेबलाखाली पाहिला असेल. त्याच्या आतल्या भिंतीला स्क्रूंनी बांधलेली जी हिरवी पाटी असते, ती मी. तुम्ही पडदा पाहता, कळा दाबता, माऊस फिरवता. मला कोणी पाहत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. देवघरातल्या पाटाकडे कोण पाहतं? देव आपल्यावर बसलेत, एवढं पाटाला पुरतं.

माझ्या नावात आई आहे आणि लोक मला 'तो' म्हणतात. चालायचंच. काम मात्र आईचंच. ज्याला त्याला आपापल्या जागी बसवायचं, एकमेकांचे निरोप पोचवायचे, आणि कोणाचं कोणाशी जमत नसेल तर पुढचं पाऊल टाकू द्यायचं नाही. माझ्या मधोमध चौकोनी बैठक आहे, ती प्रोसेसरची. तो घरचा कर्ता, सगळा विचार त्याचा. शेजारी दोन लांब चिरा आहेत, त्या रॅमच्या. रॅम म्हणजे हातातल्या कामापुरती आठवण. स्वयंपाक करताना ओट्यावर जेवढं मांडता येतं तेवढी. ओटा लहान असला की पोळी लाटायला भाजीचं पातेलं खाली उतरवावं लागतं, तसं रॅम कमी असली की संगणकाचं होतं. आणि डब्याच्या कोपऱ्यात बसलेला पॉवर सप्लाय म्हणजे वाढपी. ज्याला जेवढी पचते तेवढीच वीज त्याच्या पानात वाढतो.

माझा एक नित्यनेम आहे. अंगात वीज आली की दुसरं काही करण्याआधी मी प्रत्येकाला हाक मारतो. कर्ता आहे का? आठवण आहे का? पडदा आहे का? सगळ्यांनी ओ दिली की मी बारीक आवाजात एकदाच 'टुक' म्हणतो आणि मग काम सुरू होतं. कोणी जागेवर नसेल तर लांब लांब ओरडत राहतो. आजवर हा नेम मी कधी चुकवला नाही.

माझा जन्म दूरच्या कारखान्यातला. वितळलेल्या कथिलावरून मला सरकवलं, तेवढी एक आंघोळ आठवते. मग पेट्या, ट्रक, गोदामं, आणि डोळे उघडले ते खामगावात, पुष्पांजली मॅडमच्या कचेरीत. मॅडम घरांचे, शाळांचे आराखडे करायच्या. खिडकीतून सरकीच्या तेलाचा वास यायचा आणि कापसाचा एखादा तंतू उडत उडत माझ्या पंख्यात येऊन अडकायचा. तिथेच रेणुका कामाला लागली. बीबी गावची मुलगी, पदविका करून आलेली, बोलायला कमी आणि रेघ मारायला पक्की. तिच्या हाताखाली मी माझी उमेदीची वर्षं काढली. मॅडम पाहुण्यांना सांगायच्या, "ही मुलगी आणि हा संगणक, दोघंही कधी दांडी मारत नाहीत." असं ऐकलं की मला सुद्धा गारवा वाटायचा.

रेणुकाचं लग्न मेहकरच्या भागवतशी ठरलं तेव्हा कचेरीत नवे संगणक यायचे होते. मॅडमनी मला आहेर म्हणून दिलं. मित्रांनो, रुखवतात मांडलेला संगणक तुम्ही पाहिलाय का? मी मांडला गेलो आहे. एका बाजूला साखरेच्या पाकातलं तुळशीवृंदावन, दुसऱ्या बाजूला शेवयांची फणी, मध्ये मी. बायका येऊन डब्याला बोट लावून पाहत होत्या. एकीनं विचारलंसुद्धा, "याच्यात चित्रपट भरलेले हायेत काय?"

मेहकरला आल्यावर मात्र माझे दिवस फिरले. घरात कोणी वाईट नव्हतं. भागवत कृषी केंद्रात नोकरीला, मनानं मोकळा. त्याची आई अन्नपूर्णाबाई नेमाधर्माची, हळू बोलणारी बाई. रेणुकालाही कोणी 'काम करू नको' म्हटलं नाही. पण 'कर' म्हणायलाही कोणाला सुचलं नाही. सकाळ चुलीपाशी जायची, दुपार पाहुण्यांपाशी. माझ्यावर आधी विणलेलं झाकण आलं, झाकणावर फुलदाणी आली, फुलदाणीशेजारी घडी घातलेली चादर आली, आणि उन्हाळ्यात कोणीतरी माझ्या टेबलावर सांडगे वाळत घातले. आत धूळ साचली. पंख्यामागे पालीनं अंडी घातली. मी वाट पाहत राहिलो.

मग एक दिवस फोन वाजला. पुष्पांजली मॅडमचा होता.

"रेणुका, तुझ्या बीबीत मुलींसाठी अभ्यासिका व्हायची आहे. जागा गावानं काढून ठेवली आहे, पण आराखड्यावर लोकांचं एकमत होत नाही. कागदावरच्या रेघा त्यांना कळत नाहीत, म्हणून जो तो नाही म्हणतो. इमारत पडद्यावर उभी करून आतून फिरवून दाखवली पाहिजे. येत्या ग्रामसभेत ठरलं नाही तर ती जागा गोदामाला जाणार. तुझ्यानं होईल का? गाव तुझं म्हणून आधी तुला विचारते. नसेल जमत तर मोकळेपणानं सांग, मी काम अकोल्याच्या माणसाला देते."

रेणुकानं माझ्या टेबलाची कड धरली. बीबीतल्या घरात दहावीचा अभ्यास तिनं गोठ्याच्या ओसरीवर केला होता, हे ती मला एकटी असताना पुष्कळदा बोललेली होती. मग ती म्हणाली, "जमते, मॅडम. मी करते."

तिनं फुलदाणी उचलली, झाकण काढलं, मला पुसलं. मी 'टुक' केलं आणि आम्ही दोघं कामाला बसलो. पण मित्रांनो, मन कितीही ताजं असलं तरी ओटा तेवढाच राहतो. नवी रेखाटनं भारी झाली होती. भिंत उभी केली की छत दिसेना, छत आणलं की पडदा गोठून जाई. रेणुका हात मांडीवर ठेवून पाहत बसे. पुन्हा चालू करी, पुन्हा तेच. सभा जवळ येत होती.

शेवटी तिनं धम्मदीपला फोन लावला. खामगावला त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. मॅडमच्या कचेरीत तोच मला तपासायला येई.

"ताई, त्याच्यात रॅम कमी हाय," फोनमधून त्याचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू आला. "अन् पॉवर सप्लाय म्हातारा झाला असंन. अजून चालते तो बोर्ड, मी ओळखतो त्याले. पण काही बी घेऊन बसवू नका. आधी मले दाखवा."

अन्नपूर्णाबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "काय म्हणते तो? राम कमी हाय?"

"राम नाही आत्याबाई, रॅम."

"तेच म्हणून राह्यली मी. ज्यात रामच नाही ते चालनच कसं?"

भागवत खो खो हसला. "माय, तुह्या पोथीतला राम नाही तो. दुकानात भेटते."

"भेटते तं आण मंग. हसू नको."

त्या दिवसापासून त्या घरात रॅमला कोणी रॅम म्हटलं नाही. रेणुकाच्या तोंडात सुद्धा तेच बसलं. आणि खरं सांगू? मला ते नाव आवडलं.

भागवतनं मात्र आईचं बोलणं भलतंच मनावर घेतलं. बायकोला सांगायचं नाही, एकदम आणून बसवायचं आणि तिला चकित करायचं, असा त्याचा बेत. त्याचा मित्र कडूबा, त्याचं मेहकरात मोबाईलचं दुकान. कडूबानं त्याला सगळ्यात झगमगीत माल दिला.

सोमवार होता. अन्नपूर्णाबाई सोमवारी दिवेलागणीपर्यंत मौन धरतात. काही हवं असलं तर बोटानं दाखवायचं, नाहीतर मानेनं. घराला त्याची इतकी सवय की मांजरसुद्धा त्या दिवशी हळू म्यांव करतं. त्या खांबाला टेकून वाती वळत होत्या. रेणुका शेजारी जनकाबाईच्या सुनेच्या डोहाळजेवणाला गेली होती. भागवतला त्या दिवशी सुट्टी. त्यानं डब्याची बाजू उघडली आणि पिशवीतून नवा राम काढला.

"पाय माय, लाल-निळा उजेड पडते याचा. कडूबा म्हणे, याच्याहून नवा माल अख्ख्या मेहकरात नाही."

अन्नपूर्णाबाईंनी पाहिलं आणि मान हलवली. म्हणजे, बरं.

मित्रांनो, तो राम खोटा नव्हता, वाईटही नव्हता. तो पुढच्या पिढीचा होता. प्रत्येक रामाच्या कडेला एक खाच असते आणि माझ्या चिरेत तिच्यासाठी एक उंचवटा असतो. खाच उंचवट्यावर आली की तो अलगद खाली उतरतो. याची खाच भलतीकडेच होती. म्हणजे तो माझ्या घरचा नव्हता, एवढंच. भागवतनं सरळ लावून पाहिला, नाही बसला. उलटा करून पाहिला, नाही बसला. मग त्यानं दोन्ही अंगठे टेकवले.

"बसत काऊन नाही बे तू? नखरे करते."

त्यानं भार टाकला. माझी पाठ वाकली. माझ्या अंगात केसाहून बारीक तांब्याच्या रेघा आहेत, एकावर एक, थरांत. त्यातली एक जरी तुटली तरी मी कायमचा मुका. मग रेणुकाची भिंतही नाही आणि छतही नाही. ओरडावं म्हटलं तर अंगात वीज नव्हती. अंगठे पुन्हा वर गेले, आता जास्त जोरानं खाली येण्यासाठी.

"भागवत, हात काढ."

आवाज मोठा नव्हता. समईची वात सारावी इतका हळू होता. पण भागवतचे हात जागच्या जागी थांबले. त्यानं मागे पाहिलं.

"माय, तू बोलली?"

"बोलली. ते खाच पाय कुठी हाय अन् खालचं टोक कुठी हाय. दुसऱ्याच्या मिक्सरचं भांडं आपल्या मिक्सरवर बसते काय? तू जोर लावून बसवशीन, तं भांडंबी जाईन अन् मिक्सरबी."

एवढं बोलून त्या पुन्हा वातीकडे वळल्या. दिवा लागेपर्यंत त्यांच्या तोंडून आणखी एक शब्द आला नाही.

रेणुका ओटीत केळं घेऊन परत आली. उघडा डबा पाहून तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिनं राम उचलला, खाच पाहिली, माझ्या चिरेवर बोट फिरवलं. काही तुटलं नव्हतं.

"मले विचारलं काऊन नाही?"

"तुले चकित कराव म्हटलं."

"झाली मी चकित."

भागवतनं पिशवीतला पॉवर सप्लायही मुकाट्यानं पुढे केला. त्यावर कोणत्याच कारखान्याचं धड नाव नव्हतं. रेणुकानं तो बाजूला ठेवला.

दिवेलागण झाली. देवापुढे हात जोडून अन्नपूर्णाबाई उठल्या तेव्हा रेणुका त्यांच्याजवळ गेली. "आत्याबाई, माह्यापायी तुमचं मौन मोडलं."

"मोडलं तं मोडलं. डोळ्यांदेखत नुकसान होऊन राह्यलं अन् आपण मुकं बसावं, याले काय नेम म्हणतात? देवाले सांगतलं मी आता. त्यानं काही कुरकुर केली नाही." मग त्या टेबलाजवळ आल्या आणि पहिल्यांदाच मला नीट पाहिलं. "हे सोयरीक अशी होत नाही पोरी. पोरगी पाहायले निघाच्या आधी आपलं घर पाहा लागते. आपल्या घरी काय चालते, काय खपते, ते आधी. हा बोर्ड कोणत्या घराण्याचा, ते तं पाय."

तिथून माझं भाग्य उघडलं. रेणुकानं मऊ कुंचल्यानं माझी धूळ झाडली. माझ्या कडेला बारीक अक्षरांत माझं नाव आणि क्रमांक छापलेला आहे, तो किती वर्षांनी उजेडात आला. माझ्या कारखान्यानं माझ्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय, ते तिनं फोनवर शोधून वाचलं. कोणता प्रोसेसर याच्या बैठकीवर बसतो, कोणत्या पिढीचा राम चालतो, किती चालतो. सासू शेजारी बसून ऐकत होती आणि मध्येच विचारत होती, "हे जमते का? अन् मंग ते?"

कडूबानं सामान परत घेतलं, पण बोलल्याशिवाय नाही. "वहिनी, जुन्या डबड्यात कायले जीव अडकवता? नवंच घ्या नं."

"भाऊजी, शटर जाम झालं म्हणून तुम्ही दुकान बदललं का? तेल टाकलं नं?"

कडूबा हसला. गल्ल्यातून पैसे काढून त्यानं तिच्या हातात ठेवले.

मग मला चादरीत गुंडाळून एसटीनं खामगावला नेलं. सासू-सून दोघी. धम्मदीपनं दुकानात मला टेबलावर ठेवलं आणि ओळखीच्या माणसाच्या पाठीवर हात ठेवावा तसा कडेवर हात ठेवला.

"ताई, सगळ्यात नवा प्रोसेसर दाखवू का? पण सांगतो, तो याच्या बैठकीवर मांडीच घालणार नाही. याच्या काळचा, पण याच्या जुन्या प्रोसेसरपेक्षा दणकट, असा एक हाय माह्यापाशी. चांगल्या कचेरीतून निघालेला. तपासून देतो."

"तोच द्या," रेणुका म्हणाली. "अन् राम दोन. एकसारखे."

"राम?"

"रॅम हो."

धम्मदीपनं अन्नपूर्णाबाईंकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं. "बरं. दोन राम. जुळेच देतो, एकाच घरचे, एकाच चालीचे. म्हणजे दोघांची पावलं सोबत पडतीन."

पडद्यावरची चित्रं रंगवायला त्यानं आधी तीन पंख्यांचं मोठं ग्राफिक्स कार्ड दाखवलं. रेणुकानं डब्यात माप धरून पाहिलं. "हे आत मावणार नाही. अन् मावलं तरी एवढी वीज याले वाढायची कोणी?" तिनं लहान कार्ड घेतलं, कामाला पुरेल एवढं. रेखाटनं ठेवायला जुन्या खडखडत्या डिस्कऐवजी बिनआवाजाची नवी घेतली.

पॉवर सप्लायच्या वेळी अन्नपूर्णाबाई पुढे सरसावल्या. दोन हातांत दोन घेऊन पितळी तांब्यासारखे तोलून पाहिले. "हा घे. हा वजनदार हाय."

"वजनावर जाऊ नका मावशी," धम्मदीप म्हणाला. "आत कोणी वीट भरली तरी वजन भरते."

"असं व्हय? मंग कशावर जाव?"

"बनवणारा कोण, किती वर्षांची हमी देते, अन् बिघडला तं बदलून देते का, यावर. जो जास्त वीज देतो म्हणते तो नाही, जो बोलते तेवढी देते तो."

"माणसासारखंच हाय म्हणा की," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या आणि हातातले दोन्ही खाली ठेवून त्यानं दाखवलेला घेतला.

सगळ्यात नाजूक काम पुढे होतं. नव्या प्रोसेसरला मी ओळखत नव्हतो. माझ्या पोटात जी जन्मापासूनची छोटी शिकवण आहे, बायोस म्हणतात तिला, तिच्यात त्याचं नाव नव्हतं. म्हणून धम्मदीपनं आधी जुना प्रोसेसर जागेवर असतानाच मला नवी शिकवण दिली. ती चालू असताना वीज गेली तर मी कायमचा मुका होणार, म्हणून मला भरलेल्या बॅटरीवर जोडलं होतं. आणि बरोबर तेव्हाच खामगावची लाईट गेली. पंखे थांबले. शेजारच्या दुकानातली गिरणी गप्प झाली. माझ्या अंगातली वीज मात्र हलली नाही. शिकवण पुरी झाली. अन्नपूर्णाबाईंचे ओठ तेवढे हलत होते.

लाईट आल्यावर जुना कर्ता उठला आणि नवा बसला. त्याच्या पाठीवर धम्मदीपनं गंधाच्या टिळ्याएवढं थंडाव्याचं मलम लावलं, वर पंखा बसवला. मग दोन्ही राम. त्यानं ते रेणुकाच्या हातात दिले. "तुम्हीच बसवा, ताई."

खाच उंचवट्यावर आली. दोन्ही टोकांवर हलका दाब. 'कट्', आणि कडेच्या पकडी आपणहून मिटल्या. जोर लागलाच नाही.

मी हाक मारली. कर्ता? आहे. आठवण? आहे, दुप्पट आहे, चौपट आहे. पडदा? आहे. आणि मी 'टुक' म्हणालो. माझ्या सगळ्या आयुष्यात इतका स्वच्छ 'टुक' मी कधी म्हटला नव्हता. धम्मदीपनं तेवढ्यावर सोडलं नाही. दुपारभर दोन्ही राम तपासत ठेवले, तापतात का, चुकतात का पाहिलं, आणि मगच आम्हाला गाडीत बसू दिलं.

मेहकरला आल्यावर रेणुकानं काय काम केलं म्हणून सांगू. भिंती उठल्या, छत आलं, खिडक्यांना गज आले. पडदा एकदाही गोठला नाही. सकाळचा चहा आता भागवत करू लागला, आणि चहा घेऊन आला की मागे उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "पाहा, जिना कसा वर गेला. आमच्या घरचा राम हाय हा."

सभेच्या दिवशी मलाच बीबीला जायचं होतं. नुसती चित्रं पाठवून भागणार नव्हतं, लोक सांगतील ते तिथल्या तिथे बदलून दाखवायचं होतं. भागवतनं ऑटो ठरवला. मी गोधडीत, गोधडी अन्नपूर्णाबाईंच्या मांडीवर. रस्ता असा की ऑटो चालतो कमी आणि उडतो जास्त.

शाळेच्या पटांगणात गाव जमलं होतं. शाळेचा प्रोजेक्टर भिंतीवर लावला. मॅडम खामगावहून आल्या होत्या. सगळ्यांत पुढे ज्ञानेश्वर बापू बसले होते. त्यांचा शब्द गावात चालतो आणि आजवर प्रत्येक आराखड्याला पहिली 'नाही' त्यांचीच होती.

रेणुकानं बटण दाबलं. मी हाक मारली. कर्ता आहे. आठवण?

आठवणीनं ओ दिली नाही. मी लांब ओरडलो. पुन्हा ओरडलो.

"गाडी मांगं घेऊन राह्यले काय?" मागून कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

बापूंनी पागोटं सारखं केलं. "पोरी, हे होणार नसंन तं सांग. आमाले शेतीचे कामं हायेत."

मॅडमचा चेहरा उतरला. रेणुका मात्र माझी भाषा जाणते. तिनं बटण बंद केलं, तार काढली, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून डब्याच्या पत्र्याला हात लावला आणि बाजू उघडली.

"काय झालं वं?" अन्नपूर्णाबाईंनी हळूच विचारलं.

"राम हलला, आत्याबाई. रस्त्यानं."

"हलनच. माहे मणके हलले."

रामाचं एक टोक पकडीतून किंचित वर आलं होतं. तिनं दोन्ही टोकांवर बोटं टेकवली. 'कट्'. तार लावली, बटण दाबलं. आणि मी सगळ्या बीबीला ऐकू जाईल असा 'टुक' म्हणालो.

भिंतीवर अभ्यासिका उभी राहिली.

मागची माणसं उठून पाहू लागली. रेणुकानं दार उघडून सगळ्या गावाला आत नेलं. ही बाकं, ही पुस्तकांची कपाटं, हा पाण्याचा माठ. म्हाताऱ्या वच्छलाबाई पुढे सरकून म्हणाल्या, "अवं, हे तं आपण आत आलो." त्यांना पायऱ्या चढवत नाहीत, पण नातीचा डबा द्यायला यायचं होतं. रेणुकानं पायरीशेजारी उतार काढला. लोकांच्या डोळ्यांसमोर तो उतरत जमिनीला टेकला.

काजल नावाची मुलगी उठली. "ताई, आमच्या सायकली? बाहेर ठेवल्या तं हवा सोडतात पोरं."

हशा झाला, आणि मागे बसलेली दोन-तीन पोरं खाली पाहू लागली. रेणुकानं आतल्या आवारात सायकलींचा मांडव घातला.

मग ज्ञानेश्वर बापू बोलले. "सगळं झकास हाय. पण ह्या पश्चिमेच्या खिडक्या. चैत्रात चार वाजता पोरी भाजून निघतीन. मी कागद पाहूनबी हेच म्हटलं होतं, पण मले नीट सांगता आलं नाही."

"बापू, पाहू या नं खरंच भाजतात का."

तिनं पडद्यावर सूर्य धरला आणि चैत्राच्या दुपारकडे नेला. मित्रांनो, त्या क्षणी केवढं काम माझ्या अंगावर आलं होतं. प्रत्येक बाकाची सावली, प्रत्येक गजाची तिरीप, सगळं नव्यानं मांडायचं. जुना मी तिथेच गोठलो असतो. पण कर्ता भक्कम होता, दोन्ही राम पावलाला पाऊल देत होते, वाढपी एकालाही उपाशी ठेवत नव्हता. ऊन खिडकीतून आत आलं आणि थेट बाकांवर पसरलं.

"बरोबर हाय तुमचं," रेणुका म्हणाली. तिनं खिडक्या उचलून उत्तरेला लावल्या. बाकांवर सावली आली आणि खोली उजेडाचीच राहिली.

बापूंनी उठून भिंतीवरच्या त्या सावलीला बोट लावून पाहिलं. मग त्यांनी हात वर केला. त्यांचा हात वर गेला तसे पटांगणभर हात वर गेले. वच्छलाबाईंनी तर दोन्ही केले. "एक माहा अन् एक नातीचा," त्या म्हणाल्या.

मॅडम रेणुकाजवळ आल्या. "मेहकर, लोणार, इकडची सगळी कामं आता तुझ्याकडे. आणि कागदावर नाव तुझं घालायचं, माझं नाही."

परवा रेणुकानं बीबीहून आलेला फोटो माझ्यावर उघडला. मोकळ्या जागेवर चुन्याच्या फक्कीनं रेघा आखल्या आहेत. उतार जिथे आम्ही काढला तिथे, खिडक्या उत्तरेला, सायकलींचा मांडव आवारात. पडद्यावर ज्या रेघा मी माझ्या अंगावरून वाहून नेल्या, त्याच मातीवर उतरल्या आहेत, आणि रेघेच्या आत काजल हात पसरून उभी आहे. तिनं आपली जागा आत्ताच धरून ठेवली आहे.

म्हणून मित्रांनो, या जुन्या मदरबोर्डाचं एवढं ऐका. घरातलं यंत्र अडलं तर लगेच त्याला भंगार म्हणू नका. आधी त्याची धूळ झाडा, त्याचं नाव वाचा, त्याला काय मानवतं ते विचारा. नवं आणताना झगमगीवर भुलू नका. जो आपल्या शब्दाइतका देतो, त्यालाच घरात घ्या. आणि एखादी गोष्ट जागेवर बसत नसेल तर अंगठे टेकवू नका. हात काढा, खाच पाहा. जे आपलं असतं ते हलक्या हातानं बसतं, आणि बसलं की एका गावाचं ऊनसुद्धा त्याला पेलतं.